कानबाईचे रोट आणि नमुना क्रमांक तेवीस

जळगावला लोक सोनं घ्यायला जातात, आणि हिवाळ्यात भरीत खायला तर पुण्याहून गाड्या करून जातात. मी जळगाव-धुळ्याकडे तीन दिवस काढून आले हे कळल्यावर शेजारच्या काकूंनी दारातच विचारलं, "काय आणलंस गं?" मी बर्फात घालून चाळीसेक लहान डब्या आणल्या होत्या. पण त्यांत काय होतं ते काकूंना सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी "काही नाही, कामासाठी गेले होते" म्हटलं आणि कंजूष ठरले.

काम असं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी जुलाब-उलट्यांच्या साथींमागचे विषाणू शोधते. कुठल्याशा गावात एकाच आठवड्यात माणसं धडाधड आडवी पडली की आम्हाला फोन येतो. मग आम्ही डब्या, हातमोजे आणि शीतपेटी घेऊन निघतो आणि अनोळखी माणसांच्या ओसरीवर बसून त्यांच्याकडे अशी वस्तू मागतो, जी आजवर त्यांच्याकडे कुणी मागितलेली नसते. हे सगळं वाचायला बसण्यापूर्वी हातातलं ताट संपवलेलं बरं.

जळगाव, शुक्रवार सकाळ

जिल्ह्याच्या साथी बघणारे साहेब मोठे अगत्यशील होते. त्यांनी चहा मागवला, भरताचा मोसम नसल्याबद्दल दोनदा दिलगिरी व्यक्त केली आणि मग फाइल माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, तुम्हाला उगाच दगदग झाली. कारण आम्हाला सापडलेलं आहे. तुम्ही फक्त विषाणूचं नाव सांगा, म्हणजे फाइल बंद करता येईल."

फाइल मी वाचली आणि खरं सांगते, हरखून गेले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. नारळाला दागिने घालून, लुगडं नेसवून देवी मांडतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेऊन तिला निरोप देतात, आणि नारळ परत आणून देव्हाऱ्यात ठेवतात. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे जाड पोळ्या असतात. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ धान्य घेऊन ते दळायचं आणि त्याचे रोट करायचे. हे रोट देवीला निरोप दिल्यावरच, आणि फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजारी कितीही जिवाभावाचा असो, त्याला तुकडा मिळत नाही. फाइलीतल्या या घरी तर लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही देत नाहीत, कारण ती आता दुसऱ्या कुळाची. उरलेले रोट टाकायचे नाहीत, संपेपर्यंत पुरवून खायचे.

आता फाइलीतला तक्ता बघा. आजारी पडलेला प्रत्येक माणूस एकाच भाऊबंदकीतला. सगळ्यांनी रोट खाल्लेले. उरलेल्या गावात एकही रोगी नाही. आमच्या धंद्यात कुणी काय खाल्लं हे शोधताना घाम निघतो. लग्नात जेवलेल्या माणसाला आपण मठ्ठा प्यायलो की नाही हेही आठवत नाही. इथे मात्र परंपरेनंच खाणारे एका बाजूला आणि न खाणारे दुसऱ्या बाजूला काढून ठेवले होते. असा स्वच्छ तक्ता मी इतक्या वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता, आणि तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

रोट कुणी मळले होते तेही फाइलीत होतं. घरातली नवी सून, लग्नाला वर्ष न झालेली, तिची ही पहिलीच कानबाई. तिच्या नावाखाली कुणीतरी लाल पेनानं रेघ ओढली होती.

निघताना गाडी पाइपांच्या कारखान्यांवरून गेली. देशभरातल्या शेतांना पाणी पाजणारे पाइप इथून जातात, असं ड्रायव्हरनं अभिमानानं सांगितलं. महामार्गावरच्या एका धाब्यावर शेवभाजी खाल्ली. वर बोटभर तेलाचा तवंग होता. ड्रायव्हर म्हणाला, "तिखट लागलं तर सांगा, अजून शेव टाकू." माझं पोट लोखंडी आहे, अशी माझी तेव्हा समजूत होती.

गावात, शुक्रवार दुपार

गावाचं नाव सांगत नाही, पारोळ्याच्या अलीकडे आहे इतकं पुरे. कपाशी गुडघ्याला आलेली, बांधांवर हिरवळ, मधूनच एखादी सर येऊन जायची. गावाच्या तोंडाशी आशाताई मंगला छत्री घेऊन उभ्याच होत्या. आशाताई म्हणजे गावातल्या बायकापोरांच्या तब्येतीची दारोदार विचारपूस करणारी बाई. मंगलाताईंना गावातल्या प्रत्येकाच्या पोटाची खबर असते, असं मला सांगितलं गेलं होतं. गाडी बर्फ आणायला पुढे पारोळ्याला पाठवली. माझ्या पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या गाडीतच राहिल्या, हे मला अर्ध्या तासानं आठवलं.

आम्ही नानांच्या घरी गेलो. नाना म्हणजे त्या भाऊबंदकीतले वडीलधारे. नुकतेच आजारातून उठले होते, खाटेवर उशीला टेकून बसले होते. बसते न बसते तोच नानांच्या पत्नी, अक्का, पाण्याचा तांब्या घेऊन पुढ्यात उभ्या राहिल्या. आमच्या पुण्यात "पाणी हवंय का?" असं विचारतात आणि ते विचारण्याची पद्धत अशी असते, की समजूतदार माणूस नको म्हणतो. खानदेशात कुणी विचारत नाही. तांब्या थेट हातात येतो आणि तो रिकामा होईपर्यंत घरची बाई समोरून हलत नाही.

मी क्षणभर विचार केला. माझ्या मते तो शास्त्रीय विचार होता. तक्ता सांगतो की दोष रोटांचा. दोष रोटांचा असेल, तर पाणी निर्दोष. मी तांब्या तोंडाला लावला आणि गटागटा प्यायले. पाणी गार आणि गोड होतं.

"बठ्ठा भाऊबंद आडा पडनात," नाना म्हणाले, म्हणजे सगळेच आडवे झाले. "इतलं वरीस कानबाई बसाडी, असं कधी व्हयनं नही."

अक्का खांबाला टेकून उभ्या होत्या. उंच, काटक बाई, आवाज कमी पण शब्द तोलून. "कानबाईले तिना हात चालना नही," त्या म्हणाल्या. एवढंच बोलून त्या आत गेल्या.

"ती" म्हणजे सून, वैशाली. बुधवारीच तिला धुळ्याला माहेरी पोचवलं होतं. नवरा प्रमोद जळगावला पाइपच्या कारखान्यात कामाला. तो ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे बघत बसला होता. मंगलाताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की भाऊबंदांत फारकतीची भाषा सुरू झाली आहे. पुढच्या कानबाईला तिचा हात नको असेल, तर तिला नांदवून काय करायचं, असं दोन चुलत सासरे उघड बोलले होते. "पुण्याहून कागद येऊ द्या, मग ठरवू," असं म्हणून अक्कांनी त्यांना थोपवून धरलं होतं. म्हणजे त्या पोरीचा संसार माझ्या डब्यांवर येऊन ठेपला होता. मला ते आवडलं नाही. मी विषाणूंची नावं सांगायला आले होते.

मग डब्या वाटल्या. एका आबांनी डबी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "पुण्याथून इतलं दूर उनात, नि हाई लेवाले?" हो, हेच घ्यायला आले, मी म्हटलं. "पुण्यात भेटत नही का?" ते म्हणाले. ओसरीवर पहिल्यांदाच हशा पिकला. हसता हसता लोकांनी डब्या घेतल्या, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे क्रमांक एक ते एकवीस असे नमुने जमले.

मी अक्कांकडे रोटाचा एखादा उरलेला तुकडा मागितला. साधी गोष्ट होती. तुकडा तपासला की निकाल लागला.

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "रोट भायेर जात नही, बाई. भाऊबंदशिवाय कोनी हात लावत नही."

"पण अक्का, मी खाणार नाही. फक्त तपासणार."

"तपासाले का व्हयेना, भायेर जात नही."

म्हणजे आरोपी घरात होता, पण त्याची झडती घेता येत नव्हती. नियम मोडायची माझी तयारी होती, अक्कांची नव्हती. शेवटी घर त्यांचं होतं आणि देवीही त्यांची.

जाता जाता चौकातल्या किराणा दुकानात मीठ-साखरेची औषधी पाकिटं मागितली. बाजूच्या पाड्यावर द्यायला मंगलाताईंना हवी होती. दुकानदार शेठ चारेक पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेल्या घरातले. म्हणाले, "संपली. सोमवारपासून दोन खोकी गेली." त्यांचे गालही मला जरा बसलेले वाटले. एका भाऊबंदकीला दोन खोकी जरा जास्तच वाटली, पण तेव्हा मी तक्त्याच्या प्रेमात होते, म्हणून ते मनावर घेतलं नाही.

धुळे, शनिवार

ज्या हातांनी रोट मळले त्या हातांच्या बाईला भेटणं भाग होतं. सकाळी गाडी निघाली तेव्हा प्रमोद शेजारी येऊन उभा राहिला. "रस्ता दाखवायला येतो," म्हणाला. धुळ्याचा रस्ता म्हणजे सरळ महामार्ग. मी त्याला बसू दिलं. दीडेक तासाच्या वाटेत तो तीन शब्द बोलला आणि तिन्ही वेळा तो शब्द "सरळ" हाच होता.

पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात वैशालीच्या घराशी गाडी थांबली. प्रमोद घरात आला नाही. त्यानं खिशातून मोबाइलचा चार्जर काढून माझ्या हातात दिला. "तिचा राहून गेला होता," म्हणाला, आणि फडकं घेऊन गाडीची काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

वैशालीचे वडील बसडेपोत मेकॅनिक. आईनं ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असा बेत केला होता. आम्हा शहरातल्या लोकांना हे असलं जेवण हॉटेलात पैसे मोजून मिळालं की फार आवडतं. इथे ते पाहुणीला साधंच जेवण घातलं म्हणून माफी मागत वाढत होते. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

वैशाली चोवीस वर्षांची, बारीक अंगाची, बोलताना सरळ डोळ्यांत बघणारी. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. मी माझे ठरलेले प्रश्न सुरू केले. मळण्यापूर्वी हात धुतले होते का? पोट बिघडलं होतं का? उलटी? तिनं सगळ्याला सरळ उत्तरं दिली. मग वही मिटायच्या आत तिनंच विचारलं, "मॅडम, तुम्ही पाणी तपासलं का?"

मी म्हटलं, ग्रामपंचायतीनं टाकीवर तपासलंय. औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे.

"टाकीवर," ती म्हणाली. "आमच्या गल्लीच्या नळाला?"

मी वहीत 'नळ' असं लिहून घेतलं. पंधरा वर्षांच्या अनुभवाला एका बी.एस्सी. झालेल्या मुलीनं एका वाक्यात खाली बसवलं होतं.

मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "एक सांगते, पण तुम्ही कुणाला सांगायचं नाही." तिच्या सासरच्या शेजारी शिंप्याच्या घरी, सायराभाभींकडे, त्यांची मुलगी सोमवारी पहाटेपासूनच उलट्या करत होती. भाऊबंदांपैकी कुणी आजारी पडण्याआधी, आणि रोटाचा पहिला तुकडा मोडण्याच्याही आधी.

"मग हे तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? गावाच्या डोक्यात आता एकच आहे. जो आजारी पडला त्यानं रोट खाल्ला. बाहेरचं कुणी आजारी पडलं असं म्हटलं, की त्यानं दुसऱ्याच्या कुळाचा रोट खाल्ला असा अर्थ होतो. आणि ती मुलगी तर दिवसभर आमच्याच अंगणात खेळते. म्हणजे तिला रोट कुणी दिला? मी! सायराभाभीनं माझा हात धरला होता मॅडम. म्हणाल्या, बोलू नको. त्यांना तिथंच राहायचंय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी स्वतःला मनातल्या मनात चांगल्या शिव्या दिल्या. तक्ता स्वच्छ होता, कारण भाऊबंदांखेरीज आजारी पडलेला प्रत्येक माणूस दार लावून बसला होता. बाहेरचे लपतात म्हणून रोट दोषी दिसतो, आणि रोट दोषी दिसतो म्हणून बाहेरचे लपतात. शेठांची दोन खोकी कुठे गेली तेही कळलं. या सगळ्या लपवालपवीवर सरकारी शिक्का बसला होता आणि त्यावर मी भाळले होते.

मी वैशालीला शब्द दिला होता. सायराभाभीचं नाव घ्यायचं नाही. म्हणजे खरं कारण माझ्या हातात होतं आणि बोलायची चोरी होती. मला त्या मुलीचा राग आला. स्वतःचं घर मोडायला आलं असताना ही शेजारणीचं गुपित सांभाळत बसली होती. मग राग गेला आणि मला तिच्यापुढे फार लहान वाटलं.

तिचाही नमुना घेतला. डबी परत देताना तिनं विचारलं, "यावर माझं नाव लिहिणार?"

"नाही, फक्त नंबर. बावीस."

चार्जर बघून ती उठली, खिडकीशी गेली आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली. खाली प्रमोद काच पुसतच होता.

गावात, रविवार

शनिवारी परतलो ते मंगलाताईंच्या घरी मुक्कामाला. गल्लीच्या नळाचं पाणी धरून त्यात थेंब टाकले. पिवळ्या रंगाचा मागमूसही नव्हता. त्याच पाण्याची मोठी बाटली भरून घेतली.

रविवारी सकाळी उजाडता उजाडता माझ्या पोटात खळबळ सुरू झाली. आधी वाटलं ठेचा. मग वाटलं शेवभाजी. मग काही वाटायला उसंतच राहिली नाही. गावातले बरेचसे संडास गोवऱ्या आणि जुनी अवजारं ठेवायला वापरतात. मंगलाताईंचा मात्र रिकामा होता, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. लोखंडी पोटाचा गर्व दोन तासांत पूर्ण वाहून गेला.

चौथ्या फेरीला मला सुचलं. पिशवीतून कोरी डबी काढली, नमुना घेतला, चिठ्ठी लावली : क्रमांक तेवीस. मंगलाताई दारात उभ्या होत्या. मी डबी दाखवल्यावर त्या आधी घाबरल्या, मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "मॅडम, तुम्ही तर रोट खाल्लाच नाही!"

दहा वाजता नानांच्या ओट्यावर लोक जमले. मी निघण्यापूर्वी दोन शब्द सांगणार असं ठरलेलं होतं. भाऊबंद खाटांवर, बाकीचे समोर रस्त्यावर, शेठ दुकानाच्या पायरीवर, सायराभाभी आपल्या दारात पदर डोक्यावर घेऊन. मी आजवर मोठ्या मोठ्या सभागृहांत बोलले आहे. तिथं मी नेहमी दुसऱ्यांच्या जुलाबांविषयी बोलायचे.

"मला सकाळपासून जुलाब होतायत," मी म्हटलं. "पाच वेळा. उलट्या तीन."

अक्का पुढे आल्या.

"तुम्ही रोट खादा व्हता का?"

"मला दिला कुणी, अक्का? मी तर तपासायलासुद्धा मागून थकले."

"कोन देई? तुम्ही काय भाऊबंदमा शेतस?"

"नाही ना. मग मला कसं झालं?"

अक्कांची नजर माझ्यावरून ओसरीतल्या पाण्याच्या मडक्यावर आणि मडक्यावरच्या तांब्यावर गेली. त्या बाईला शाळेचं तोंड माहीत नव्हतं, पण माझ्या तर्कापेक्षा त्यांचा तर्क सरळ होता.

मी सायराभाभींकडे मुद्दाम बघितलं नाही. दिलेला शब्द पाळायचा होता. पण सायराभाभी स्वतःच दारातून बोलल्या. "मेरी बच्ची को भी हुआ था," त्या हळू म्हणाल्या. "सोमवार को, फजर के टाइम. कसम से, उसने रोट को हाथ भी नहीं लगाया." मग पायरीवरून शेठनी घसा खाकरला. "माझ्याकडे तिघांना झालं." मग न्हावी. मग ग्रामपंचायतीचा शिपाई. गाव एकदा बोलायला लागलं की थांबत नाही, आणि इथे तर आठवडाभराचं तुंबलेलं होतं. कुणाला किती वेळा यावर चढाओढ लागली. माझ्या डब्या संपत आल्या, मंगलाताई आणखी आणायला उपकेंद्रात धावल्या.

नळाचा माग काढायला प्रमोद कुदळ घेऊन पुढे झाला. पाइपचा माणूस, त्याला कुठे खणायचं ते बरोबर माहीत होतं. गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्हचा खड्डा, त्यातून पिण्याच्या पाण्याचा पाइप गेलेला आणि त्याच्या अंगावरून गटार वाहतंय. पाइपच्या जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, ती सैल होऊन लोंबत होती. पाणी बंद असताना गटार त्या फटीतून आत जात असणार.

प्रमोदनं ती पट्टी हातात धरली. मग वर न बघता म्हणाला, "ही पट्टी मीच बांधली होती. उन्हाळ्यात. पंचायत म्हणाली नवा जोड मंजूर व्हायला वेळ लागेल, तोवर तू काहीतरी कर." दिवसभर कारखान्यात पाइप करणाऱ्या माणसानं आपल्या दारातला पाइप ट्यूबनं बांधला होता, आणि गावासाठी चांगल्या मनानं बांधला होता.

दोघे चुलत सासरे एकमेकांकडे बघत होते. मी वाट बघत होते, की प्रमोदचा हात कानबाईला चालला नाही असं आता कोण म्हणतं. कुणी म्हटलं नाही. "पोऱ्यानं गावना भलाकरता करं," एक जण म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याला माहेरी पाठवायची गोष्ट कुणी काढली नाही. मला हसू आलं नाही, संताप आला, आणि पोट पुन्हा ढवळलं म्हणून मी तिथून निघाले.

जाताना अक्कांना विचारलं, "आता वैशालीला आणणार ना?"

अक्का म्हणाल्या, "कागद येऊ द्या."

परतीची वाट

मंगलाताईंनी मला भाताची पेज पाजून उभं केलं. पुण्याच्या रेल्वेगाडीत शेजारच्या जागेवरच्या एका आजीबाईंनी माझ्या पेटीकडे बोट दाखवून विचारलं, "काय सोनं आहे का? इतकी धरून बसलीस." मी म्हटलं, आजी, सोन्याला इतकी बर्फाची गरज नसते. त्यांनी डब्यातली पुरणपोळी पुढे केली. माझ्या पोटाला ती परवडणारी नव्हती आणि मला ती खावीशी फार वाटत होती.

पुणे

आमच्याकडे अशा साथींत पाच-सहा विषाणू नेहमीचे संशयित असतात. एकेकाची खूण नमुन्यात आहे का ते यंत्र शोधतं. यंत्राला भाऊबंदकी कळत नाही. नानांच्या नमुन्यात नोरोव्हायरस सापडला, सायराभाभीच्या मुलीच्या नमुन्यात तोच, शेठांच्या घरी तोच, तेवीस क्रमांकात तोच. गल्लीच्या पाण्यात तो पकडायला आम्हाला जास्त कष्ट पडले, पण तिथंही मिळाला. क्रमांक बावीसमध्ये काहीच नव्हतं. तपासलेल्या साऱ्या माणसांत, माझ्यासकट, एकटी तीच शुद्ध निघाली होती.

जिल्ह्याला रिपोर्ट रीतसर गेला. साहेबांचा फोन आला, म्हणाले, "मॅडम, आता फाइल बंद करता येत नाही, पाणीपुरवठ्याकडे पाठवावी लागेल." त्यांच्या आवाजात खेद होता. रिपोर्टात कुणाचं नाव नसतं, ते योग्यच आहे. पण अक्कांना कागद हवा होता. वैशालीला फोन करून विचारलं, तिनं हो म्हटलं. माझ्या नमुन्यापुरती माझी मीच मालक. म्हणून बावीस आणि तेवीस अशा दोन ओळींचा एक कागद केला, आम्हा दोघींची नावं घातली, सही-शिक्का केला आणि अक्कांच्या पत्त्यावर पाठवून दिला.

मग दहा-बारा दिवस काही कळलं नाही. मी रोज कामावर जात होते आणि रोज फोन बघत होते. एवढ्या वर्षांत कुठल्याही रिपोर्टाचं पुढे काय झालं याची मी कधी चौकशी केली नव्हती, आणि याचं मात्र मला जेवण गोड लागू देत नव्हतं.

एका दुपारी वैशालीचा फोन आला. पाठीमागे कोंबड्या आणि अक्कांचा आवाज येत होता, म्हणजे ती गावी होती.

"कागद आला त्याच दिवशी अक्का स्वतः धुळ्याला आल्या," ती म्हणाली. "बसनं, एकट्या. आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, चाल घर. चहासुद्धा घेतला नाही. पुढच्या कानबाईचे रोट मीच मळायचे असं भाऊबंदांत सांगून टाकलंय."

"माफी मागितली का?"

"अक्का?" वैशाली हसली. "त्यांनी माझी पिशवी उचलली, मॅडम. बसस्टँडपर्यंत मला हात लावू दिला नाही."

मी घाईनं पाइपचं विचारलं. नवा जोड अजून मंजूर व्हायचाय. तोवर प्रमोदनं कारखान्यातून परवानगी घेऊन चांगला जोड आणून बसवलाय, पाणी दोन वेळा उकळतात.

"आणि तो कागद?" मी विचारलं. "फाइलमध्ये घालून जपून ठेव गं, पुढे कुणी काही बोललं तर."

"तो माझ्याकडे कुठे देतात त्या! अक्कांनी देव्हाऱ्यात ठेवलाय, कानबाईच्या नारळाशेजारी. रोज सकाळी त्याला हळदकुंकू लावतात."

त्या कागदाची एक प्रत माझ्याकडे आहे. मी ती काढून पुन्हा वाचली. माझं पूर्ण नाव आहे, वय आहे, आणि त्यापुढे माझ्याच हातानं नियमाप्रमाणे लिहिलेलं आहे : शौचाचा नमुना, पातळ, पिवळसर.